सहा मिलिलिटर रोडिनाल

मे महिन्यात दुपारी साडेबाराच्या सुमाराला खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरात जावं. स्वर्गमंडपाच्या छताला मधोमध गोल मोकळं आकाश आहे, खाली तशीच गोल शिळा आणि भोवती ४८ खांब. त्या दिवसांत सूर्य जवळजवळ माथ्यावर येतो, त्यामुळे उन्हाचं वर्तुळ शिळेवर येऊन बसतं. शिळा पांढरीफटक दिसते आणि तिथून थोड्याच पावलांवर, सभामंडपाच्या दारापलीकडे, खांबांवरचं कोरीवकाम डोळे सरावेपर्यंत दिसतच नाही.

माझ्या कॅमेऱ्यात ४०० आयएसओची कृष्णधवल फिल्म होती. शिळेवरच्या उन्हाला मीटर लावला, तर एफ/१६ ला १/५०० सेकंद. दारातून आतल्या खांबांना लावला, तर एफ/४ ला १/३०. मोजून आठ स्टॉप, म्हणजे २५६ पट फरक. माणसाचे डोळे असं दृश्य सांभाळून घेतात, कारण ते एका जागी ठरत नाहीत. उजेडातून अंधारात जाताना बाहुली मोठी होते. फिल्मला मात्र शटरच्या एकाच उघडझापेत सगळं घ्यायचं असतं.

मी सावलीला धरून फोटो घेतला. मीटर कुठेही लावला तरी तो त्या जागेला मधला करडा समजतो, आणि मला तर आतले खांब काळोखातलेच हवे होते. म्हणून सावलीच्या मापापेक्षा दोन स्टॉप कमी, एफ/४ ला १/१२५. तरीही शिळेवरचं ऊन मधल्या करड्याच्या सहा स्टॉप वर राहिलं. ही फिल्म नेहमीसारखी धुतली असती, तर निगेटिव्हवर शिळेच्या जागी इतका दाट काळा गोळा आला असता की एन्लार्जरचा उजेड त्यातून पार गेलाच नसता. प्रिंटवर तिथे नुसता कोरा कागद. शिळेवरचे ओरखडे, झिजलेली कड, सगळं गेलं असतं.

ती फिल्म मी ६०० मिलिलिटर पाण्यात सहा मिलिलिटर रोडिनाल हा डेव्हलपर घालून धुतली, टाकी जवळजवळ न हलवता, पाऊण तास. घरी फिल्म धुणारे बरेच जण ही पद्धत ‘डेव्हलपर वाचतो’ एवढ्याच कारणासाठी उचलतात आणि मग निराश होतात. पातळ डेव्हलपरचं खरं काम वेगळं आहे. ते नीट कळलं, तर कुठल्या रोलला तो वापरायचा आणि कुठल्याला नाही, हे आपलं आपल्याला ठरवता येतं.

फिल्मवर जिलेटिनचा पातळ थर असतो आणि त्यात सिल्व्हर हॅलाइडचे, मुख्यतः सिल्व्हर ब्रोमाइडचे, अतिसूक्ष्म कण पसरलेले असतात. उजेड पडलेल्या कणावर चांदीचे अगदी मोजके अणू सुटे होतात. डोळ्यांना काहीच दिसत नाही, पण ती खूण असते. डेव्हलपर म्हणजे इलेक्ट्रॉन देणारं रसायन. ज्या कणावर ती खूण आहे तिथे तो आधी पोचतो आणि तिथून शिरून सगळ्या कणाची चांदी करून टाकतो. ही चांदी काळी दिसते. खूण नसलेले कण तसेच राहतात. मात्र फार वेळ ठेवलं किंवा फार ऊब मिळाली, तर तेही हळूहळू काळे पडतात, आणि त्यालाच आपण फॉग म्हणतो.

या व्यवहारात दोन गोष्टी मागे उरतात. चांदीपासून सुटलेला ब्रोमाइड आणि थोडंसं आम्ल. डेव्हलपरला काम करायला अल्कली लागते, म्हणून आम्ल त्याला मंद करतं. ब्रोमाइडही त्याचा हात धरतो. आणि जिथे जास्त उजेड पडला होता, तिथेच जास्त चांदी होते. म्हणजे डेव्हलपर तिथेच जास्त खर्च होतो आणि ब्रोमाइडही तिथेच जास्त साचतो. सावलीच्या भागात दोन्ही थोडं.

हे मला पंगतीवरून पटकन समजलं. पानं मांडली आहेत, एकेका पानावर भात वाढला आहे. काही जण खाणारे दांडगे, काही जण बेताचे. वाढपी सारखे फिरत असतील, तर दांडग्यांचं पान कधी रिकामं होत नाही. ते वाढून घेत राहतात आणि बेताच्या माणसांना मागे टाकून पार पुढे जातात. पण वाढपी एकदा वाढून गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत, तर काय होईल? दांडग्यांचं पान रिकामं होऊन ते हात वाळवत बसतील, आणि बेताचे जेवणारे आपापल्या चालीने जेवत राहतील. उठताना दोघांच्या पोटातलं अंतर पुष्कळ कमी झालेलं असेल.

टाकी हलवणं म्हणजे वाढप्याची फेरी. डेव्हलपर पातळ केला, म्हणजे पानावर वाढायचा भात कमी केला. टाकी हलवली नाही, म्हणजे फेऱ्या थांबवल्या. उन्हातल्या शिळेजवळचा डेव्हलपर थोड्या वेळात संपून जातो, भोवती ब्रोमाइड साचतो, शिळेचं काळं होणं मंदावतं. सावलीतल्या खांबांजवळ अजून ताजा डेव्हलपर आहे, तिथे काम सुरूच राहतं. निगेटिव्हमधली दाट आणि पातळ टोकं अशी एकमेकांच्या जवळ येतात. इंग्रजीतून आलेला ‘कॉम्पेन्सेटिंग’ हा शब्द आपल्याकडचे फोटोग्राफर यासाठी सर्रास वापरतात.

आता पंगतीतली दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते हीच सगळ्यांत महत्त्वाची. फेऱ्या थांबवणं वेगळं आणि मुदपाकखान्यात भातच कमी असणं वेगळं. भातच पुरेसा नसेल, तर दांडगे तर उपाशी राहतीलच, पण बेताचेही अर्ध्यावर उठतील. पातळ डेव्हलपरचं नेमकं असंच आहे. त्यात प्रमाण एक आणि मात्रा दुसरी. एकास शंभर हे प्रमाण झालं. मूळ बाटलीतला अर्क या रोलच्या वाट्याला किती मिलिलिटर आला, ती मात्रा. प्रमाण बरोबर असूनही मात्रा चुकू शकते, आणि घरी बहुतेक वेळा चुकते ती इथेच.

पॅटर्सनच्या प्लॅस्टिकच्या टाकीच्या बुडावर लिहिलेलं असतं: ३५ मिमीच्या एका रोलला २९० मिलिलिटर, १२० च्या रोलला ५०० मिलिलिटर. २९० मिलिलिटरमध्ये एकास शंभर करायचं, तर रोडिनाल येतं तीन मिलिलिटरपेक्षाही कमी. रोल बुडतो, पण चांदी करायला लागणारा डेव्हलपर अपुरा पडण्याचा धोका असतो. निगेटिव्ह पातळ येतं, सावल्या मरगळलेल्या, आणि माणूस प्रमाणाला दोष देतो. एका रोलला निदान पाच मिलिलिटर अर्क हवा, हा घरी रोल धुणाऱ्यांचा जुना हिशेब आहे. जास्त सावध लोक दहा घ्या म्हणतात. मी सहाच्या खाली जात नाही. म्हणून एकच रोल असला तरी मी दोन रिळांची टाकी घेतो आणि ती ६०० मिलिलिटर भरतो. पाण्याला काही किंमत पडत नाही.

हाच नियम दुसऱ्या डेव्हलपरनाही लागू आहे. कोडॅकच्या एक्सटॉलबद्दल तर कंपनीनेच सांगून ठेवलं होतं की एका रोलला मूळ द्रावण निदान १०० मिलिलिटर तरी यायला हवं. एकास तीन केलं, तर रोलला ४०० मिलिलिटर लागणार, आणि एका रिळाच्या टाकीत ते मावत नाही. हा साधा गुणाकार न केल्यामुळे किती रोल वाया गेले असतील! माझ्या ओळखीच्या एका मुलाने बहिणीच्या साखरपुड्याचा रोल असाच घालवला होता. रोल हातात घेतला, तर प्रत्येक फ्रेम काचेसारखी. त्याने वेळ, तापमान, प्रमाण, तिन्ही पुस्तकाबरहुकूम ठेवलं होतं.

रोडिनालच मी का धरलं, तेही सांगतो. ते १८९१ सालचं आहे. बर्लिनच्या आग्फा कंपनीत मोमे आंद्रेसन या रसायनशास्त्रज्ञाने ते तयार केलं आणि तेव्हापासून ते बाजारातून कायमचं गेलेलं नाही. २००५ मध्ये आग्फाफोटो बुडाली, तरी ते राहिलं. आज आडॉक्स ते बनवते, आणि त्याच घडणीचा डेव्हलपर आर ०९ या नावानेही मिळतो. त्यातलं मुख्य द्रव्य पॅरा-अमायनोफिनॉल, सोबत कॉस्टिक पोटॅश आणि पोटॅशियम सल्फाइट. तापात आपण जी पॅरासिटामॉलची गोळी घेतो, ती याच रेणूची बहीण. पॅरासिटामॉल कॉस्टिकमध्ये फोडून काही हौशी लोक घरीच रोडिनालसारखा डेव्हलपर करतात. मी करत नाही, कारण विकतची बाटली वर्षानुवर्षं टिकते. रंग आधी फिका, मग चहासारखा, मग कोऱ्या कॉफीसारखा होतो, पण काम तेच राहतं. महिन्याला एखादा रोल काढणाऱ्या माणसाला याहून सोयीचं काही नाही. पुडीतली पावडर कालवून ठेवलेला डेव्हलपर आपल्या हवेत काही महिन्यांत उतरतो.

बाटली मात्र जपून हाताळायची. अर्क दाहक आहे, कातडीला आणि डोळ्यांना वाईट, आणि पॅरा-अमायनोफिनॉलची कातडीला ॲलर्जीही होऊ शकते. हातमोजे घालायचे, आणि लहान मुलांचा हात पोचेल अशा फळीवर ती ठेवायची नाही.

मापासाठी मेडिकलमधून १० मिलिलिटरची सिरिंज आणायची, सुईशिवाय. मोठ्या मापपात्रात सहा मिलिलिटर नीट मोजताच येत नाही. एक मिलिलिटर इकडे तिकडे झालं तरी सहात एक म्हणजे पुष्कळ झालं. अर्क सिरिंजमध्ये ओढायचा, पाण्यात सोडायचा आणि त्याच पाण्याने सिरिंज दोनतीनदा धुवून ते पाणीही आत घालायचं, कारण अर्क दाट असतो, नळीला चिकटून राहतो. आधी पाणी, मग अर्क. पाण्यात पडताना तो तळाशी सरबतासारखा ओघळतो, म्हणून नीट ढवळायचं.

या डेव्हलपरमध्ये शंभरातले नव्याण्णव भाग पाणीच आहे, म्हणून पाण्याकडे लक्ष द्यायचं. दाट डेव्हलपरमध्ये पाण्याचे दोष दबून जातात, इथे ते वर येतात. बोअरच्या जड पाण्यातले क्षार अल्कलीची धार कमी करतात आणि फिल्मवर पांढरे डागही सोडतात. मी आरओचं पाणी वापरतो. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर चालतं, त्याची पाच लिटरची कॅन आठ रोलना पुरते.

आता प्रत्यक्ष काम. फिल्म अंधारात रिळावर चढवली, टाकी बंद केली, इथून पुढे दिवा लावायला हरकत नाही. आधी दोनतीन मिनिटं नुसत्या पाण्यात भिजवतो. इल्फर्ड कंपनीला ही पायरी पसंत नाही, तिने असमान धुतलं जाऊ शकतं असं त्यांचं म्हणणं; पण न हलवता धुताना जिलेटिन आधीच सगळीकडे सारखं फुगलेलं असलेलं मला बरं वाटतं. ते पाणी ओतलं की कधी निळसर, कधी जांभळट निघतं. तो फिल्मच्या पाठीचा रंग, घाबरायचं कारण नाही.

मग डेव्हलपर एका दमात ओतायचा. झाकण लावून पहिलं मिनिटभर टाकी हळूहळू उलटीसुलटी करायची. हे मिनिट फार मोलाचं. तेवढ्यात डेव्हलपर जिलेटिनमध्ये सगळीकडे सारखा शिरायला हवा. पुढे बराच वेळ वाढपी येणार नाहीत, तेव्हा पहिली वाढ समान झाली पाहिजे. शेवटी टाकी ओट्यावर दोनदा खाली टेकवून ठोकायची, म्हणजे फिल्मला चिकटलेले हवेचे बुडबुडे सुटतात. बुडबुडा तासभर चिकटून राहिला, तर प्रिंटवर तिथे काळा गोल ठिपका येतो, तो काढता येत नाही.

मग टाकी ठेवून द्यायची. २० अंशांवर ६० मिनिटं. ३० मिनिटांनी एकदाच, अगदी सावकाश, दोन वेळा उलटायची, आणि पुन्हा ठेवायची. अजिबात न हलवणं म्हणजे स्टँड, मध्ये एकदा हलवणं म्हणजे सेमी-स्टँड. मी सेमी-स्टँडच करतो. त्याचं कारण रंकाळ्याचं आकाश.

पहिला रोल मी पूर्ण तासभर हात न लावता ठेवला होता. त्यात रंकाळ्यावर संध्याकाळी घेतलेली एक फ्रेम होती, वर मोकळं, एकसारखं उजळ आकाश, खाली पाणी आणि दूरवर शालिनी पॅलेस. निगेटिव्ह वाळल्यावर दिव्यासमोर धरलं, तर आकाशात उभे पट्टे. मोजून पाहिले, प्रत्येक पट्टा फिल्मच्या कडेच्या एकेका भोकाच्या रेषेत. रीळ टाकीत आडवं बसतं, म्हणून फिल्म कडेवर उभी असते. न हलवलेल्या टाकीत ब्रोमाइडने जड झालेलं द्रावण फिल्मवरून खाली सरकतं आणि जाताना आपल्या वाटेवरचा भाग मंद करत जातं. कडेची भोकं या ओघाला वाटा करून देतात. झाडाझुडपांच्या फ्रेममध्ये हे कळलंही नसतं, एकसारख्या आकाशात ते लपत नाही. दोन वर्षं मी तो फोटो पुन्हा घ्यायला त्याच वेळी, त्याच ठिकाणी जात होतो. ढग तसे पुन्हा आले नाहीत.

तेव्हापासून मध्यावरची ती दोन उलटणी मी चुकवत नाही. तेवढ्याने साचलेला ब्रोमाइड मोडतो, आणि दांडग्यांना जास्तीचं वाढलंही जात नाही. आणखी एक करतो. दोन रिळांच्या टाकीत रिकामं रीळ खाली आणि फिल्मचं वर ठेवतो, म्हणजे जड द्रावणाला खाली बसायला जागा मिळते. अर्थात वरचं रीळ पूर्ण बुडेल इतकं द्रावण आहे, हे आधी साधं पाणी ओतून पाहून घेतलं पाहिजे.

खिद्रापूरचा रोल मी मे महिन्यातच धुतला, आणि महाराष्ट्रातल्या घरात या पद्धतीची खरी परीक्षा तिथेच होते. पुस्तकं २० अंश म्हणतात. माझ्या गच्चीवरच्या टाकीचं पाणी त्या दुपारी ३४ अंश होतं. तापमान एका अंशाने वाढलं, तर धुण्याची वेळ ढोबळमानाने दहाव्या हिश्शाने कमी करावी लागते. एचपी५ प्लस फिल्मला एकास पंचवीस रोडिनालमध्ये २० अंशांवर सहा मिनिटं लागतात. हेच २८ अंशांवर केलं, तर अडीच-तीन मिनिटं. एवढ्या कमी वेळात ओतण्या-काढण्यातच फिल्मची एक बाजू पुढे आणि एक मागे पडते. पाच मिनिटांच्या खाली जायचं नाही, हा जुना नियम त्यासाठीच. एकास पन्नास केलं, तर तीच फिल्म ११ मिनिटं घेते. प्रमाण दुप्पट पातळ, वेळ जवळजवळ दुप्पट. म्हणून उन्हाळ्यात साध्या, हलवत धुण्याच्या पद्धतीतही पातळ डेव्हलपर हाच उपाय आहे. वेळ लांबते आणि हातात राहते.

मात्र ‘स्टँडला तापमानाची फिकीर नाही’ असं जे सांगितलं जातं, ते मला मान्य नाही. तीस अंशांच्या पाण्यात तासभर ठेवलेल्या फिल्मवर फॉग चढतो, आणि पातळ, अल्कलीयुक्त, कोमट पाण्यात जिलेटिन फुगून इतकं मऊ होतं की नखाने खरवडलं जातं. दाट डेव्हलपरमधले क्षार या फुगण्याला थोडा आळा घालतात. पातळमध्ये ते क्षारच नसतात. उष्ण प्रदेशांसाठीच्या जुन्या सूत्रांत मुद्दाम सोडियम सल्फेट घालायचे, ते याचसाठी.

मी पाणी २४ अंशांवर आणतो, त्याहून खाली नेण्याचा अट्टहास करत नाही. माझ्या घरचा माठ मेमध्येही २५ च्या आसपास असतो. त्यातल्या पाण्याने टब भरतो, फ्रीजमध्ये गोठवलेली एक बाटली त्यात सोडतो, २४ झालं की बाहेर काढतो. टाकी त्या पाण्यात, आणि टब थर्माकोलच्या खोक्यात. पाऊण तासात जेमतेम एक अंश चढतो. २४ ला मी ६० ऐवजी ४५ मिनिटं धरतो आणि मधलं उलटणं २२ व्या मिनिटाला. फिक्सर आणि धुण्याचं पाणी त्याच टबात आधीच मांडून ठेवायचं. २४ अंशांच्या डेव्हलपरमधून फिल्म एकदम ३४ च्या नळाखाली धरली, तर मऊ झालेलं जिलेटिन सुरकुततं, आणि त्या सुरकुत्या पुन्हा बसत नाहीत.

थंडीत हे सगळं सोपं असतं. डिसेंबरात नळाचंच पाणी २०-२१ वर येतं. नवीन माणसाने पहिला स्टँडचा रोल डिसेंबरात करावा.

वेळ झाली की डेव्हलपर ओतून द्यायचा. हा एकदाच वापरायचा, परत बाटलीत भरायचा नाही. मग साध्या पाण्याने एक मिनिट, मग फिक्सर. रॅपिड फिक्सर ताजा असेल तर तीन ते पाच मिनिटं, साध्या हायपोला आणखी वेळ. रोलच्या सुरुवातीचा कापलेला तुकडा आधी फिक्सरमध्ये टाकून तो किती वेळात पारदर्शक होतो ते पाहावं, आणि त्याच्या दुप्पट वेळ रोलला द्यावा. धुताना टाकी भरून पाच वेळा उलटायची, पाणी बदलून दहा वेळा, पुन्हा बदलून वीस वेळा. इल्फर्डची ही रीत पाणीटंचाईच्या गावात फार उपयोगी पडते. वापरलेल्या फिक्सरमध्ये फिल्मची चांदी उतरलेली असते. तो मोरीत ओतू नये, कॅनमध्ये साठवावा. चांदी काढणारे असा फिक्सर घेतात.

आता पातळ डेव्हलपरमुळे मिळणाऱ्या दुसऱ्या गोष्टीकडे येतो. ती मला पहिल्यांदा भिंगातून दिसली तेव्हा मी बराच वेळ तिथून हललो नव्हतो. खिद्रापूरच्या फ्रेममध्ये एका खांबाची अंधारी कड उन्हातल्या शिळेवर येते. आठ पट मोठं करणाऱ्या भिंगाखाली ती कड नुसती स्पष्ट नव्हती. उजेडाच्या बाजूने तिला एक बारीक जास्त दाट रेषा होती आणि सावलीच्या बाजूने एक बारीक जास्त पातळ. कुणी पेन्सिलीने कोरल्यासारखी.

हे पुन्हा पंगतीचंच. दांडगा आणि बेताचा शेजारी बसले, तर दांडगा शेजाऱ्याच्या पानावरचं थोडं ओढून घेतो. सावलीतला न खपलेला डेव्हलपर जिलेटिनमधून सरकत उजेडाच्या कडेपर्यंत पोचतो आणि तेवढी कड जास्त काळी होते. उलट, उजेडातला साचलेला ब्रोमाइड सावलीकडे सरकतो आणि सावलीची कड जास्त मंद पडते. सीमेच्या दोन्ही बाजूंना अशा रेषा उमटतात. त्यांना मॅकी रेषा म्हणतात. टाकी सतत हलवली, तर हे सरकणं घडायच्या आत द्रावण बदलून जातं आणि रेषा येत नाहीत. निगेटिव्हमध्ये कणांची संख्या तीच, लेन्स तीच, तरी डोळ्यांना फोटो जास्त धारदार वाटतो.

याची किंमतही आहे. डी-७६ सारख्या डेव्हलपरमध्ये लिटरला १०० ग्रॅम सोडियम सल्फाइट असतं, आणि ते कणांच्या कडा थोड्या विरघळवून कण मऊ, बारीक भासवतं. तेच डी-७६ एकास तीन केलं, की सल्फाइट विरळ होतं आणि कणांच्या कडा तशाच टोकदार राहतात. रोडिनालमध्ये तर ते मुळातच बेताचं. म्हणून एकास शंभरचे फोटो धारदार, पण दाणेदार. मला खिद्रापूरच्या दगडावर हे दाणे शोभतात, दगडच खरबरीत आहे. माझ्या आजीचा जवळून घेतलेला चेहरा मी यात धुणार नाही. तिला डी-७६.

सगळ्याच रोलना ही पद्धत लावणाऱ्यांशी माझा वाद आहे. आषाढात ढग उतरलेले असतात, आंबोलीच्या घाटात सगळं करड्यावर करडं, पूर्ण दृश्यात तीन स्टॉपचाही फरक नसतो. तिथे टोकं जवळ आणायची गरजच नाही, उलट ती लांब न्यायला हवीत. असा रोल पातळ डेव्हलपरमध्ये निश्चल ठेवला, तर निगेटिव्ह गढूळ येतं. त्याला एकास पंचवीस, वेळ थोडी वाढवून, आणि दर मिनिटाला हलवणं. पंगतीत सगळेच बेताचे जेवणारे असतील, तर वाढप्याने थांबून कसं चालेल?

आणि जिथे उजेड पोचलाच नाही, तिथे पातळ डेव्हलपर काही आणून देत नाही. खूणच नसलेल्या कणाला तासभर थांबून पाहिलं, तरी फक्त फॉग मिळतो. ‘स्टँडमध्ये अंडर झालेला रोल वाचतो’ हे अर्धवट खरं आहे. उजेडाच्या जागा वाचतात, सावल्या नाहीत. म्हणून रोडिनालसाठी मी ४०० ची फिल्म २५० ची समजून मोजतो. खिद्रापूरला तसं केलं नव्हतं, सावली दोन स्टॉप खाली ठेवली ती ४०० च्या हिशेबाने. ती चूक निगेटिव्हवर दिसते. दारातल्या सर्वांत मागच्या खांबाचा खालचा भाग नुसती पारदर्शक फिल्म आहे.

ज्याला एकदम तासभराचा स्टँड नको, त्याने मधली पायरी घ्यावी. एकास पन्नास, ५०० मिलिलिटर द्रावण, म्हणजे अर्क दहा मिलिलिटर, आणि दर मिनिटाऐवजी दर तीन मिनिटांनी दोन सावकाश उलटण्या. पट्ट्यांची भीती फारशी नाही, आणि ऊन-सावलीचं अंतर डोळ्यांना दिसेल इतकं कमी होतं. माझे निम्म्याहून जास्त रोल मी असेच धुतो.

फिल्म मी न्हाणीघरात वाळवतो. आधी गरम पाण्याचा नळ दोन मिनिटं सोडून ठेवतो, म्हणजे वाफेने धूळ खाली बसते, मग खिडकी बंद, आणि फिल्म दोरीला, खाली कपड्याचा चिमटा लावून. त्या रोलच्या बाविसाव्या फ्रेममध्ये शिळा निगेटिव्हवर दाट आहे, पण दिव्यासमोर धरली की तिच्यातून उजेड येतो. भिंग लावलं. शिळेवर आडवा गेलेला एक ओरखडा दिसला, आणि कडेला, उन्हाच्या वर्तुळाच्या जरासं आत, कुणीतरी वाहिलेलं एक फूल, पाकळ्या मोजता येतील असं. तिथे उभा होतो तेव्हा ते मला दिसलं नव्हतं.